बसण्याची जागा : महाड-पोलादपूरचे गुत्ते, चहाची दुकाने आणि गिऱ्हाइकांचे मत

दारू पिण्यासाठी मराठी माणसाने एक साधे, निरुपद्रवी क्रियापद शोधून काढले आहे: 'बसणे'. 'आज बसायचे का?' ह्या प्रश्नात ना पेयाचे नाव येते, ना पेल्याचे, ना दुकानाचे. ऐकणाऱ्याला मात्र सगळे उमगते. हा केवळ आडपडदा आहे असे म्हणून तो शब्द सोडून देता येईल. पण आमच्या मते त्यात आडपडद्याइतकेच एक नेमके निरीक्षणही आहे. पिणाऱ्याच्या लेखी पिणे हे बऱ्याच अंशी बसणे असते: कुणाशी बसावे, कुठे बसावे, किती वेळ बसावे आणि तिथून कुणी आपल्याला उठवू नये. हा शब्द गिऱ्हाइकाने स्वतः दिलेला आहे.

ज्या जागी तो बसतो तिची नावे मात्र त्याने दिलेली नाहीत. 'गुत्ता' म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही 'गुत्तेदार' म्हणतात. सरकारकडून दारूविक्रीचा गुत्ता घेतलेल्या माणसाचे दुकान तो 'दारूचा गुत्ता'. पुढे 'दारूचा' हे विशेषण गळाले आणि महसुली कराराचे नाव हेच जागेचे नाव होऊन बसले. 'परमिट रूम' हा शब्दही तसाच. परवानाधारकाने ज्या खोलीत प्यावे ती खोली, एवढाच त्याचा अर्थ. 'देशी दारूचे दुकान' ही तर सरळ सरळ परवान्याच्या पाटीवरची भाषा. ह्या मालिकेत 'अड्डा' हा एकच शब्द लोकांच्या तोंडचा, आणि तो चिकटला आहे बेकायदा जागेला. ज्या जागेला गिऱ्हाइकाने नाव दिले तिला कायद्याची मान्यता नाही, आणि जिला मान्यता आहे तिचे नाव कचेरीतून आलेले, अशी ही वाटणी आहे.

ह्या लेखात आम्हाला महाड आणि पोलादपूर ह्या दोन गावांच्या आधाराने अशा जागांचा थोडा इतिहास पाहावयाचा आहे. त्या जागांत बदल कुणी केले, त्या वेळी मत कुणाचे विचारले गेले, आणि जो तिथे रोज बसत होता त्याचे म्हणणे कुठे नोंदले गेले का, हे आमचे प्रश्न आहेत. पोलादपूर हे सावित्रीच्या खोऱ्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी तिथे दाखवली जाते, म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव ऐकून ठाऊक असते. मुंबई-गोवा महामार्ग आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरास जाणारा रस्ता ह्यांचा हा तिठा. दक्षिणेला कशेडीचा घाट. महाड त्याच्या उत्तरेला, सावित्रीच्याच काठी, जुनी बाजारपेठ आणि बंदर म्हणून नावाजलेले. वाटसरू, हमाल, गाडीवान, बाजारकरी ह्यांची ये-जा असलेल्या अशा गावांत बसण्याची जागा ही चैनीची गोष्ट नसते. दिवसभर चालून आलेल्या माणसाची ती गरज असते.

१

'अबकारी' ह्या शब्दातला 'आब' म्हणजे पाणी. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाची फोड केली तर 'पाण्याचा धंदा' असा अर्थ निघतो. दारूवरील कराला हे नाव पडले आणि इंग्रजांनी ते तसेच उचलले. कुलाबा जिल्हा (जो १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला) मुंबई इलाख्यात होता आणि महाड त्याचा एक तालुका. पोलादपूर तेव्हा ह्याच तालुक्यात मोडत असे. जिल्ह्याच्या किनारपट्टीवर माड आणि ताड, भंडारी समाजाचा माडी-ताडी काढण्याचा पिढीजात व्यवसाय. आतल्या डोंगराळ भागात मोहाची दारू. दोन्ही पेये घरची किंवा शेजारची होती. झाड डोळ्यांसमोर, भट्टी ओळखीची, आणि काढणारा व पिणारा पुष्कळदा एकाच वाडीतला.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही सोय मोडली. अबकारी खात्याचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे ह्या व्यवस्थेचे मुख्य शिल्पकार. परवान्यावाचून झाड छेदणे हा गुन्हा झाला, छेदल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर आला, आणि दारू गाळण्याचे काम ठिकठिकाणच्या लहान भट्ट्यांकडून काढून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे आणि त्यांच्या मक्तेदारांकडे गेले. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्या मोहाच्या दारूसाठी प्रसिद्ध होत्या. तिथली दारू पिंपांतून गावोगावच्या गुत्त्यांवर जाऊ लागली. तरीही घरची भट्टी थांबेना, तेव्हा १८९२ साली खास मोहवा कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व नेण्या-आणण्यावरच निर्बंध आले. कातकरी-ठाकरांच्या घरात ज्या फुलांचा उपयोग दुष्काळी दिवसांत अन्न म्हणूनही होत असे, ती फुले आता संशयाची वस्तू ठरली.

दारूच्या इतिहासात आम्ही सहसा 'किती प्याले' हे मोजतो. येथे 'कुठे प्याले' हे पाहण्यासारखे आहे. परसातल्या किंवा वाडीतल्या बसण्याची जागा गुत्त्याने घेतली. गुत्त्यावर किंमत मक्तेदाराची, माप मक्तेदाराचे, उधारीची वहीही त्याचीच. हे सगळे बदल सरकारी अहवालांत 'सुधारणा' म्हणून आले, कारण महसूल वाढला. विरोधही झाला, तो मात्र मुख्यतः सुशिक्षितांनी केला. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. अबकारी धोरणावर काँग्रेसमध्ये ठराव झाले. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांवर निदर्शने झाली. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू शंकास्पद नव्हता. फुल्यांच्या तक्रारीमागे गरिबाच्या संसाराची खरी काळजी होती. पण सरकार काय किंवा सुधारक काय, दोघेही गिऱ्हाइकाविषयी बोलत होते. गिऱ्हाईक स्वतः बोलले असे फार थोड्या ठिकाणी दिसते.

आणि जेथे ते बोलले तेथे तोंडाने बोलले नाही. १९२२ साली पालघर किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवी अंगात येण्याची एक लाट उठली आणि ती आदिवासी पट्ट्यातून दक्षिण गुजरातपर्यंत पसरत गेली. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका, असे देवीचे आदेश होते. डेव्हिड हार्डीमन ह्यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात ह्या चळवळीचा सविस्तर मागोवा घेतला आहे. वरवर पाहता हा व्यसनमुक्तीचा प्रसंग. पण ज्याच्या दुकानात प्यायचे, ज्याची उधारी व्हायची आणि ती फेडायला ज्याच्या शेतावर राबायचे तो माणूस एकच असेल, तर त्याचे दुकान सोडणे ह्याला नुसती व्यसनमुक्ती म्हणता येत नाही. गिऱ्हाइकांनी गुत्त्याविषयीचे आपले मत दिले ते उठून जाऊन. 'बसणे' ह्या क्रियापदाचा हा विरुद्धार्थी शब्द इतिहासात अधिक बोलका आहे.

२

साहित्यात तरी गिऱ्हाइकाला तोंड मिळाले का, असे येथे कुणी विचारील. मराठीत ह्याचे उत्तर शोधताना 'एकच प्याला' टाळून पुढे जाता येत नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणले. सुधाकराचा अधःपात आणि सिंधूची सोशिकता ह्यांच्या दाट छायेत त्या नाटकातली एक संस्था नेहमी झाकली जाते: तळीरामाने काढलेले 'आर्य मदिरा मंडळ'. मराठी नाट्यवाङ्मयातली गिऱ्हाइकांची ही सर्वांत प्रसिद्ध सभा. तिथे जहाल आहे, मवाळ आहे, सुधारक आहे, शास्त्री आहे आणि खुदाबक्षही आहे. बाहेर जे एका पंक्तीला बसणार नाहीत ते आत एकत्र बसतात, आणि पिण्याच्या समर्थनार्थ तर्कशास्त्राच्या कसरती करतात.

गडकऱ्यांचा विनोद इथे फार धारदार आहे, आणि त्या धारेमुळेच आमची अडचण होते. मंडळाच्या सभासदांना मते भरपूर आहेत, पण ती मते ऐकायची कशासाठी, तर हसण्यासाठी. त्या काळातल्या सभा-संमेलनांची, ठरावांची आणि पक्षोपपक्षांची ती विडंबने आहेत. शिवाय हे सभासद पांढरपेशे. त्यांचे मद्य बाटलीतले. गुत्त्याच्या फळीवर बसणारा गाडीवान किंवा हमाल त्या मंडळात नाही. मद्यपी माणसाला मराठी रंगभूमीने ट्रॅजेडीचा नायक केले, विदूषक केले, परंतु एखाद्या जागेचा नेहमीचा माणूस म्हणून, जागेच्या बऱ्या-वाईटाविषयी ज्याला काही म्हणायचे आहे असा माणूस म्हणून, क्वचितच पाहिले. सिंधूच्या दुःखापुढे तो प्रश्न क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. तो क्षुल्लक का नाही, हे समजण्यासाठी पुन्हा महाडला यावे लागते, आणि ह्या वेळी दारूच्या नव्हे, चहाच्या व पाण्याच्या दुकानापाशी.

३

रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे, ह्यांचा जन्म १९०३ साली महाड तालुक्यातला. महाडच्या इंग्रजी शाळेत जागा नाकारली गेली तेव्हा त्या अन्यायाविरुद्ध वर्तमानपत्रास पत्र लिहिणारा हा मुलगा पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या संयोजकांपैकी एक झाला. त्यांच्या आठवणींवर आधारित पुस्तक त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. त्या आठवणींतला एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. बाजाराला किंवा कोर्टकचेरीच्या कामाला खेड्यापाड्यांतून महाडला येणाऱ्या अस्पृश्यांना तिथे प्यायला पाणी मिळत नसे. हॉटेलांत प्रवेश नाही, तळ्यावर मज्जाव. मोऱ्यांनी खटपट करून महाडच्या पेठेत अस्पृश्यांना चालेल असे एक चहाचे दुकान सुरू करविले. पाण्याची सोय झाली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की वेगवेगळ्या गावांहून आलेली माणसे तिथे एकत्र बसू लागली. कुणाच्या अर्जाचे काम, कुणाच्या जमिनीचे, कुणाच्या गावातल्या छळाचे. हे सगळे तिथे बोलले जाऊ लागले आणि कागदावर उतरू लागले.

आजूबाजूच्या घटना सर्वांना ठाऊक आहेत, तरी तारखांचा क्रम लक्षात घ्यावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा वगैरे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले; सुरेंद्रनाथ टिपणीस ह्यांचा ह्या कामातला वाटा मोठा. तळे कागदावर खुले होते आणि प्रत्यक्षात बंद. १९ व २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे शेजारी, आणि पाणी विकत. २० तारखेस डॉ. आंबेडकरांसह सर्व जण तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयांत चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि गुत्त्याचा इतिहास एका दावणीला बांधावा असे आम्ही म्हणत नाही. पाणी हा हक्क आहे, दारू नव्हे. परंतु चहाच्या त्या दुकानाने एक गोष्ट दाखवली, जी गुत्त्याच्या कागदपत्रांत सापडत नाही: ज्यांना कुठेच बसू दिले जात नव्हते त्यांना बसायला जागा मिळाली, की मत तयार होते. मत आधीपासून असते आणि जागा ते फक्त ऐकवते, असे आपण समजतो. निदान महाडमध्ये तसे घडले नाही. तिथे वेगळाल्या गावांतले वेगळाले दुःख शेजारी शेजारी बसले आणि त्यातून सामायिक तक्रार झाली. दुकान छोटे होते, पण त्याचे गिऱ्हाईक हे त्याचे धनीही होते, कारण ते दुकान त्यांच्यासाठी, त्यांच्यापैकीच कुणाच्या खटपटीने निघाले होते. गुत्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हे भाग्य कधी मिळाले नाही. 'आर्य मदिरा मंडळा'तल्या सभेला आपण हसतो, कारण तिथे बोलल्याने काही होणार नसते. महाडच्या चहाच्या दुकानातल्या बोलण्याला कुणी हसले नाही.

४

स्वातंत्र्यानंतर बदल आला तो वरून आणि पुरता आला. १९३९ साली बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला होता, आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर त्याचे पुरस्कर्ते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मात्र सर्व राज्याला लागू झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदीचा अंमल सुरू झाला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा गाभा उचलून धरला. गुत्ते बंद झाले. ज्यांना वैद्यकीय किंवा अन्य कारणाने परवाना मिळे त्यांच्यासाठी 'परमिट रूम' आली, आणि बाकीच्यांसाठी हातभट्टी.

काळा गूळ, नवसागर, रबरी नळ्या, ओढ्याकाठची भट्टी आणि अंधारातला अड्डा: ही सामग्री त्या दोन दशकांच्या कथा-कादंबऱ्यांतून वाचकांच्या परिचयाची आहे. जयवंत दळवींच्या 'चक्र' (१९६३) मधल्या झोपडपट्टीत ती आहे, आणि सत्तरीतल्या दलित साहित्यातही. लेखकांनी अड्ड्याची दुर्गंधी टिपली, मारामाऱ्या टिपल्या, विषारी दारूने गेलेले जीव टिपले. ह्या साहित्यात प्रथमच पिणारा माणूस शेजाऱ्यांच्या भाषेत बोलू लागला, हे त्याचे श्रेय. पण बसण्याच्या जागेच्या दृष्टीने पाहिले तर बंदीने एक विपरीत गोष्ट केली. गुत्त्यावर निदान बसता येत होते. अड्ड्यावर उभ्याने, घाईने, आवाज न करता पिऊन निघून जायचे. बंदीने पिणे उरले आणि बसणे गेले. ज्याला बसताच येत नाही त्याने तक्रार कुठे करावी? दारूत काय मिसळले आहे ते विचारण्याचीही त्याची सोय राहिली नाही, कारण विचारायला गेले तर तो स्वतःच गुन्हेगार.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६० च्या दशकात, बंदी सैल होत गेली आणि सत्तरीच्या आरंभी देशी दारूची अधिकृत दुकाने निघाली. कायदा मात्र रद्द झाला नाही. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री आजही परवाना लागतो: एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव. तो किती जणांच्या खिशात असतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. रस्त्याकडेच्या 'परमिट रूम'च्या पाटीत ह्या सगळ्या इतिहासाचा गाळ साचला आहे: बंदी गेली, परवाना नावापुरता राहिला, आणि त्या नावाखाली जो बसतो तो तांत्रिकदृष्ट्या अजून कायद्याच्या दयेवर बसलेला असतो. आपल्या जागेविषयी त्याने जाहीरपणे काही बोलावे अशी अपेक्षा कशी करावी?

५

गेल्या दोन दशकांत मात्र 'स्थानिक मत' हा शब्द ह्या विषयात अधिकृतपणे शिरला. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूचे दुकान राहावे की जावे ह्यावर मतदान घेता येते. चिन्हे दोन: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. मराठीत ह्याहून बोलकी मतपत्रिका दुसरी नसेल. दुकान बंद होण्यासाठी नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी मजुरीला किंवा माहेरी गेली तिचे न दिलेले मतही व्यवहारात उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. तरीही गावोगावी बायकांनी रांगा लावून बाटल्या आडव्या केल्या.

इथे आमच्या प्रतिपादनाला एक अवघड वळण घ्यावे लागते. ह्या मतदानात दुकानाच्या गिऱ्हाइकाला स्थान नाही, असे म्हणून आम्ही त्याच्या बाजूने उभे राहावे काय? नाही. दुकानाचा हिशेब फळीवर संपत नाही. तो घरी येतो, चुलीपाशी येतो, मुलांच्या फीपर्यंत येतो. जिने त्या दुकानात कधी पाऊल टाकले नाही तीही त्या दुकानाची किंमत मोजत असते, तेव्हा तिचे मत हे स्थानिक मतच आहे, आणि शंभर वर्षे ते विचारले गेले नव्हते. सिंधूला कुणी मतपत्रिका दिली नव्हती. आडवी बाटली ही एका अर्थाने सिंधूची, गडकऱ्यांनी तिला न दिलेली, ओळ आहे. गिऱ्हाइकाचे मौन आणि तिचे मौन सारखे नव्हते: त्याला निदान उठून जाता येत होते.

पोलादपुरात मात्र ह्या मतदानापेक्षा मोठा बदल आला तो दिल्लीहून. महामार्गांवरचे अपघात लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला, की १ एप्रिल २०१७ नंतर राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या पाचशे मीटरांच्या आत दारूची दुकाने नसावीत. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने वीस हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. पोलादपूर हे अशाच गावांपैकी. जे गाव महामार्गाच्या काठानेच वाढले त्याला २२० मीटर म्हणजे जवळजवळ सगळी पेठ. त्याच वर्षी ११ जुलै रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना हा आदेश लागू नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांबाबतचा निर्णय राज्यांवर सोपवण्यात आला. दरम्यान देशभर काय काय झाले ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले: रस्त्यांचे दर्जे बदलले गेले, दुकानांची दारे मागच्या बाजूला गेली, अंतर वाढवण्यासाठी वळणावळणाच्या वाटा बांधल्या गेल्या. मोजपट्टी रस्त्यापासून लावायची की दारापासून, ह्यावर भरपूर वाद झाला. जो बसायचा तो आता कुठे बसेल, आणि तिथून घरी कसा जाईल, हा प्रश्न मोजपट्टीत बसणारा नव्हता.

आता तर महामार्गच सरकतो आहे. चौपदरीकरणाने पेठांची तोंडे बदलली. कशेडी घाटाला पर्याय म्हणून काढलेल्या बोगद्यांतून २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाहतूक सुरू झाली. घाटातल्या वळणावर थांबणारी गाडी बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे जाते. घाटावरच्या चहाच्या टपऱ्यांची आणि खानावळींची गिऱ्हाइके कुणी हिरावून नेली असे म्हणता येत नाही. रस्ताच उठून गेला. १८७८ पासूनच्या ह्या मालिकेत गिऱ्हाईक उठले, गिऱ्हाइकाला उठवले, आणि आता गिऱ्हाइकाला घेऊन रस्ता उठला.

ह्याच काळात पुण्या-मुंबईत ह्याच्या नेमके उलटे दृश्य दिसते. २००९ साली पुण्यात डूलालीने जागच्या जागी बिअर गाळून विकणारे पहिले मद्यगृह काढले आणि त्या धर्तीवर पुढे अनेक निघाली. अशा ठिकाणच्या गिऱ्हाइकाचे मत सर्वत्र मागितले जाते. बिअर कडू लागली, संगीत मोठे होते, खुर्च्या बदलल्या, नवा मालक जुन्यासारखा नाही. त्याचे प्रत्येक म्हणणे नोंदते, वाचले जाते, त्यावर उत्तर येते. त्याच्या तक्रारी क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. आपली बसण्याची जागा बदलली की माणसाला काहीतरी आतून गेल्यासारखे वाटते, आणि ते सांगावेसे वाटणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु तीच हळहळ पोलादपूरच्या देशी दुकानात बसणाऱ्या हमालाला होत नसेल काय? त्याची हळहळ कुठे लिहिलेली नाही, एवढाच फरक. मत असणे आणि मत नोंदले जाणे ह्यांतले अंतर पाचशे मीटरांहून पुष्कळ मोठे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने ह्यातून काय घ्यावे? आमची सूचना साधी आहे. मद्यपानावरचे आपले वाङ्मय वाचताना आपण बहुधा नीतीचा प्रश्न विचारतो: लेखक पिण्याच्या बाजूने आहे की विरुद्ध? त्याऐवजी जागेचा प्रश्न विचारून पाहावा. हे पात्र कुठे बसले आहे? ती जागा कुणाची आहे? तिथे त्याला किती वेळ बसता येते? त्याच्या बोलण्याने त्या जागेत काही बदलू शकते काय? आणि त्या जागेच्या बाहेर, दारापाशी, कोण वाट पाहत उभे आहे? ह्या प्रश्नांनी 'एकच प्याला' पुन्हा वाचला तर मदिरा मंडळ आणि सिंधूचे घर ह्यांतला रस्ता दिसू लागतो. मोऱ्यांच्या आठवणी वाचल्या तर एका चहाच्या दुकानातून तळ्यापर्यंत गेलेला रस्ता दिसतो. पहिल्या रस्त्याने संसार बुडाला, दुसऱ्याने एक समाज उभा राहिला. दोन्हींचा आरंभ माणसे एकत्र बसण्यात आहे. कोणत्या बसण्यातून काय निघेल हे पेयावर पुष्कळ अवलंबून असते, हे खरेच. पण जागा कुणाची आणि तिथे बोलणाऱ्याच्या शब्दाला किंमत किती, ह्यावरही ते तितकेच अवलंबून असते.